बसता न येणाऱ्या माणसाचे दुखणे : श्रोणीतील मज्जातंतुवेदना आणि तिची चिकित्सा

घरी पाहुणा आला की त्यास प्रथम 'बसा' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. उभे राहणे श्रमाचे आणि बसणे विसाव्याचे, हे भाषेनेच जणू ठरवून ठेविले आहे. परंतु काही माणसांच्या बाबतीत हा क्रम उलटा झालेला असतो. उभे असताना, चालताना अथवा आडवे झाल्यावर त्यांचे दुखणे सुसह्य असते. खुर्चीवर बसून दहापंधरा मिनिटे होतात न होतात तोच जननेंद्रिय आणि गुदद्वार यांमधील भागात जळजळ सुरू होते, ती हळूहळू वाढत जाते आणि अखेर मनुष्य उठून उभा राहतो. रात्री त्यास झोप लागते. सकाळी दुखणे नसल्यासारखेच असते, आणि दिवस चढेल तसतसे तेही चढत जाते. लघवी तपासावी तर ती निर्दोष, रक्त तपासावे तर त्यातही काही नाही, आणि पोटाचे चित्र काढावे तर ते एखाद्या धडधाकट माणसाचे वाटावे इतके स्वच्छ. या दुखण्यास श्रोणीतील मज्जातंतुवेदना म्हणतात. तिच्या जोडीला बहुधा श्रोणीच्या तळाचे स्नायूही आखडलेले असतात. दोहोंपैकी आधी कोण आले, हे पुष्कळदा सांगता येत नाही.

बेंगळुरू हे बसून काम करणाऱ्यांचे शहर आहे. होसूर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले असता सिल्क बोर्डाच्या चौकापलीकडे इलेक्ट्रॉनिक सिटी लागते. तेथील कचेऱ्यांत हजारो माणसे संगणकासमोर दिवस काढतात. आणि कचेरी गाठण्यासाठीही त्यांस वाहनात बसूनच राहावे लागते, कारण त्या चौकातील वाहनांची कोंडी साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. पुणे, सोलापूर, बेळगाव या बाजूंनी नोकरीसाठी तेथे गेलेली मराठी माणसेही पुष्कळ आहेत. तथापि हे दुखणे केवळ संगणकवाल्यांचे, असा समज करून घेऊ नये. मोटारचालक, शिंपी, सायकलस्वार, अवघड बाळंतपणातून गेलेल्या स्त्रिया, वर्षानुवर्षे मलावरोधाने कुंथणारी माणसे, या सर्वांमध्ये ते आढळते. घोड्यावरच आयुष्य काढणाऱ्या शक लोकांना जडणाऱ्या व्याधींचा उल्लेख प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथांतही आहे. खोगीर काय किंवा खुर्ची काय, शरीराच्या ज्या भागावर भार पडतो तो भाग एकच.

एखाद्या तिशीतल्या अभियंत्याची कल्पना करावी. लघवीच्या वेळी जळजळ होते म्हणून तो मूत्ररोगतज्ज्ञाकडे जातो. प्रोस्टेट ग्रंथीला सूज असावी असा तर्क होऊन त्याला काही आठवडे जंतुविरोधी औषधे मिळतात. वास्तविक अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९५ मध्ये प्रोस्टेटच्या दुखण्यांचे जे वर्गीकरण ठरविले, त्यानंतर हे सर्वमान्य झाले आहे की, प्रोस्टेटचा दाह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहांपैकी जवळजवळ नऊ रोग्यांमध्ये रोगजंतू सापडतच नाहीत. पहिल्या औषधाने गुण न आला म्हणजे दुसरे औषध येते. मग गुदद्वाराशी काही अडकल्यासारखे वाटते म्हणून मूळव्याधीची तपासणी होते. बसताना दुखते म्हणून माकडहाडाचे चित्र काढतात. कंबरेच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधील एखादी चकती किंचित बाहेर आलेली दिसते, जी न दुखणाऱ्या अनेक माणसांमध्येही दिसतेच, आणि काही महिने कंबरेचे उपचार होतात. रोगी स्त्री असली तर गर्भाशय व बीजकोश यांची तपासणी, कदाचित दुर्बिणीची शस्त्रक्रियाही. प्रत्येक तज्ज्ञ आपापले इंद्रिय तपासतो आणि ते निर्दोष आहे असे सांगतो. तो खोटे बोलत नसतो. परंतु ज्या भागात दुखणे आहे तो भाग कोणत्याच एका खात्याच्या वाट्यास आलेला नसतो. शेवटी 'मनावर घेऊ नका' एवढे वाक्य पदरात घेऊन रोगी घरी परततो. या फेऱ्यांत वर्षे जातात, आणि जुनाट वेदनेच्या बाबतीत गेलेली वर्षे फुकट गेली एवढेच होत नाही. त्या काळात वेदना अधिक खोल रुजते. ती कशी, हे समजण्यासाठी प्रथम शरीराची रचना पाहिली पाहिजे.

घंगाळ आणि त्याचा तळ

लॅटिन भाषेत श्रोणीस 'पेल्विस' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ घंगाळ. उपमा चांगली आहे, मात्र या घंगाळास तळ नाही. दोन्ही बाजूंस नितंबाची हाडे, मागे त्रिकास्थी व तिच्या टोकाशी माकडहाड, असे हाडांचे कडे तेवढे आहे. तळाचे काम स्नायूंची एक झोळी करते. मूत्राशय, गुदाशय आणि स्त्रियांमध्ये गर्भाशय यांचा भार ती पेलते, लघवी व शौच रोखून धरते आणि योग्य वेळी सैल होऊन त्यांस वाट देते. खोकला अथवा शिंक येण्याच्या क्षणी ती आपोआप आवळली जाते. हातापायांच्या स्नायूंना विश्रांती मिळते. या झोळीला पुरती सुट्टी अशी जागेपणी जवळजवळ नसतेच.

या भागाचा मुख्य मज्जातंतू तो 'पुडेंडल' होय. हे नाव 'लाज वाटणे' अशा अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेले आहे. शरीररचनाशास्त्रज्ञांनी ज्याचे नावच लाजेवरून ठेविले, त्याचे दुखणे सांगावयास माणसे लाजतात यात नवल ते काय! त्रिकास्थीच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या छिद्रांशी निगडित मुळांपासून हा तंतू निघतो, नितंबातील एका स्नायूखालून श्रोणीच्या बाहेर पडतो, आसनास्थीच्या काट्याला मागून वळसा घालतो आणि पुन्हा आत शिरतो. वळसा घालताना तो दोन चिवट अस्थिबंधांच्या मधून जातो. आत शिरल्यावर श्रोणीच्या भिंतीलगत स्नायूच्या आवरणातच तयार झालेल्या एका नळीतून त्याचा मार्ग असतो. या नळीचे वर्णन बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीररचनाशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये केले, म्हणून तिला अल्कॉकची नळी म्हणतात. पुढे तंतूच्या तीन शाखा होतात : एक गुदद्वाराकडे, दुसरी मधल्या भागाकडे आणि तिसरी जननेंद्रियाकडे. स्पर्श व वेदना कळविणे आणि लघवी व शौच रोखणाऱ्या स्नायूंना हुकूम देणे, अशी दोन्ही कामे हा एकच तंतू करतो.

लेंग्याच्या नेफ्यातून नाडी जावी तसा हा मज्जातंतू त्या नळीतून जातो. नेफा सैल असला तर नाडी सरकते. तो शिवणीत आवळला गेला तर नाडी अडते. मज्जातंतूसही शरीराच्या हालचालींबरोबर थोडेफार सरकावे लागते. दोन अस्थिबंधांमधील फट आणि ही नळी, या दोन ठिकाणी तो दाबला जाण्याचा किंवा ओढला जाण्याचा संभव सर्वांत अधिक. १९८७ मध्ये फ्रान्समधील आमारांको व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलस्वारांमध्ये या नळीत मज्जातंतू दाबला गेल्याची लक्षणे वर्णिली. बाळंतपणात मुलाचे डोके खाली सरकताना हाच तंतू ताणला जातो, हे इंग्लंडमधील संशोधकांनी १९८०च्या दशकात विजेच्या मोजमापांनी दाखवून दिले होते.

नीट बसलेल्या माणसाचा भार नितंबातील दोन हाडांच्या टोकांवर पडतो. आसन अरुंद असेल, अथवा इतके मऊ की ती टोके त्यात बुडून जातील, तर भार मधल्या भागावर येतो. यावरून डॉक्टर रोग्यास एक प्रश्न विचारतात, तो ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते : कमोडवर बसल्यास बरे वाटते काय? कमोडच्या बैठकीला मध्यभागी पोकळी असल्यामुळे मज्जातंतूवरील दाब कमी होतो. खुर्चीवर पाच मिनिटे न बसू शकणारा मनुष्य तेथे वर्तमानपत्र वाचीत बसू शकतो, ही गोष्ट थट्टेची नसून निदानाची आहे.

शेपूट नसलेले शेपटीचे स्नायू

घाबरलेला कुत्रा शेपूट पायांत घालतो, आणि त्यावरूनच मराठीत 'शेपूट घालणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. मनुष्याला शेपूट उरलेले नाही. माकडहाडाएवढी त्याची खूण तेवढी राहिली आहे. परंतु शेपटीवाल्या प्राण्यांत जे स्नायू शेपटी खाली ओढतात, त्यांचेच वंशज मनुष्याच्या श्रोणीची झोळी बनून राहिले आहेत. भीती, चिंता, काम वेळेत पुरे करण्याची घाई, अशा प्रसंगी दात जसे नकळत आवळले जातात तसे हे स्नायूही आवळले जातात. दात आवळलेले निदान ध्यानात तरी येतात. हे स्नायू दिसत नाहीत आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

पोटरीत गोळा आल्याचा अनुभव बहुतेकांना असतो. आखडलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्याचा रक्तपुरवठा घटतो, आणि त्यामुळे तो अधिक दुखतो. पोटरीचा गोळा हाताने चोळता येतो, पाय ताणता येतो. श्रोणीतला गोळा कोणी चोळावा? अमेरिकेतील जॉर्ज थील या शल्यचिकित्सकाने १९३७ मध्ये असे दाखविले की, माकडहाडाचे म्हणून समजले जाणारे पुष्कळसे दुखणे हाडाचे नसून त्यालगतच्या स्नायूंचे असते, आणि गुदमार्गातून बोटाने त्या स्नायूंचे मर्दन केल्यास ते कमी होते. या उपचारास आजही थील यांचेच नाव आहे.

आता दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. मज्जातंतू दाबला गेला की तो वेदना कळवितो. वेदनेमुळे झोळीचे स्नायू संरक्षणासाठी आवळतात. आवळलेले स्नायू त्याच मज्जातंतूला अधिक दाबतात. पेटका एकीकडे सुरू होवो की दुसरीकडे, चक्र एकदा फिरू लागले म्हणजे ते स्वतःच्या जोरावर फिरत राहते.

त्यात तिसरी गोष्ट मिळते ती पाठीच्या कण्यातील. १९६५ मध्ये मेल्झॅक व वॉल यांनी असे प्रतिपादन केले की, वेदनेचा निरोप मेंदूकडे जसाच्या तसा जात नाही. कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार असून ते तो निरोप रोखू शकते अथवा वाढवून पुढे धाडू शकते. पुढे १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी प्रयोगाने दाखविले की, दीर्घकाळ वेदनेचे निरोप येत राहिल्यास मज्जारज्जूतील पेशी स्वतःच अधिक हळव्या होतात. मग साधा स्पर्शही वेदना म्हणून पोहोचतो. चोर येऊन गेल्यानंतर कुत्र्याने वाऱ्याच्या झुळकेवरही भुंकत राहावे, तसा हा प्रकार. जुनाट वेदना म्हणजे ताज्या वेदनेचा लांबलेला काळ नव्हे. तो निराळाच विकार आहे, ही गोष्ट वैद्यकाला उशिरा का होईना पटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वा परतणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. म्हणून 'दुखणे मनाचे आहे' आणि 'दुखणे शरीराचे आहे' हा वादच येथे फोल ठरतो. हळव्या झालेल्या पेशी शरीरातल्याच असतात.

निदान कसे होते

ज्या दुखण्याचे चित्र निघत नाही त्याचे निदान रोग्याच्या शब्दांवरून करावे लागते. या बाबतीत मराठी माणूस दरिद्री नाही. कळ, चमक, ठणका, सणक, शूल, जळजळ, टोचणी, मुंग्या, ओढ, आवळ : यांतील प्रत्येक शब्द निराळी वेदना सांगतो. जळजळ, चमक, मुंग्या, विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, ही भाषा बहुधा मज्जातंतूची असते. ओढ, आवळ, ठणका, गोळा ही स्नायूची. वेदनेचे शब्द हे वेदनेचे मापच होय, हे ओळखून मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये ७८ शब्दांची, २० गटांत विभागलेली एक प्रश्नावली तयार केली, आणि ती जगभर वापरली जाते. बेंगळुरूत मराठी रोग्याची अडचण अशी की, घरी आईजवळ सांगताना जे शब्द सहज सुचतात ते रुग्णालयात इंग्रजीत सांगताना गळून पडतात आणि केवळ 'पेन' एवढा एकच शब्द उरतो. परिचारिकेशी बोलण्यापुरते कानडी शब्द माहीत असलेले बरे : वेदना म्हणजे नोवु, जळजळ म्हणजे उरि, मुंग्या वा बधिरपणा म्हणजे जोमु. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आपल्याच भाषेत सारे लिहून काढावे आणि जाणत्या माणसाकडून इंग्रजीत उतरवून घ्यावे, हे त्याहून चांगले.

२००८ मध्ये फ्रान्समधील नांत येथील वैद्यांच्या गटाने पुडेंडल मज्जातंतू दाबला गेल्याच्या निदानासाठी पाच कसोट्या प्रसिद्ध केल्या. वेदना त्या मज्जातंतूच्या प्रदेशातच असावी. बसल्याने ती वाढावी. वेदनेमुळे रात्री झोपमोड होऊ नये. तपासणीत त्या भागातील स्पर्शज्ञान गेलेले आढळू नये. आणि मज्जातंतूजवळ बधिर करणारे औषध टोचले असता वेदना थांबावी. यांतील पहिल्या चार कसोट्यांना एक पैही खर्च लागत नाही. लागते ते विचारणारा व ऐकणारा, अशी दोन माणसे. पाचव्या कसोटीविषयी मात्र सावध असावे. इंजेक्शनने वेदना थांबली म्हणजे ती या मज्जातंतूच्या मार्गानेच जाते एवढे ठरते. तंतू कशाने दाबला गेला आहे, किंबहुना दाबला गेला आहे की नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

स्नायूंची तपासणी बोटानेच होते. डॉक्टर अथवा प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ गुदमार्गातून किंवा योनिमार्गातून झोळीच्या दोन्ही बाजू चाचपून पाहतात. एखाद्या जागी दाबले असता रोगी 'हीच ती वेदना' असे म्हणतो. कित्येक वर्षांनंतर आपल्या दुखण्यावर कोणी नेमके बोट ठेविले, या एकाच गोष्टीने पुष्कळांना रडू कोसळते. अशा तपासणीपूर्वी ती काय आहे हे सांगून संमती घेतली जावी, स्त्री रोग्यास स्त्री तज्ज्ञ हवी असल्यास तसे मागता यावे, सोबतीला परिचारिका असावी, आणि रोग्याने 'थांबा' म्हणताच थांबावे. यांपैकी काहीही मागण्यात संकोच बाळगू नये.

येथे एक इशारा ठळकपणे दिला पाहिजे. लघवीत किंवा शौचात रक्त, ताप, कारणाविना घटणारे वजन, रात्री झोपेतून उठविणारी वेदना, ही लक्षणे वर वर्णिलेल्या दुखण्याची नव्हेत; त्यांमागे गाठ, जंतुसंसर्ग अथवा आपल्या देशात विसरून न चालणारा मूत्रमार्गाचा क्षय असू शकतो. खोगिराला टेकणारा भाग बधिर होणे, लघवी अडणे वा नकळत होणे, पायांतील शक्ती जाणे, असे काही झाल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचावे. मणक्यातील मज्जामुळे दाबली गेली असता तास मोजावे लागतात, दिवस नव्हे.

उपचार

उपचारांविषयी पहिली गोष्ट सांगावयाची ती न करण्याची. श्रोणीच्या स्नायूंचा व्यायाम म्हटला की अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेला आवळण्या-सोडण्याचा व्यायाम पुढे येतो. बाळंतपणानंतर सैल पडलेल्या झोळीसाठी तो उत्तम आहे. परंतु येथे झोळी सैल नाही, आवळलेली आहे. जी मूठ उघडत नाही तिला अधिक घट्ट मिटण्याचा सराव देण्यात काय हशील? योगवर्गांतून शिकविला जाणारा मूलबंध आणि अश्विनी मुद्रा यांत हेच स्नायू आवळावयाचे असतात. दुखणे असताना त्या क्रियाही थांबवाव्यात. उलट मलासन, बालासन, गुडघे छातीशी घेऊन पडणे, यांत झोळी लांब व सैल होते. सर्वांत सोपे साधन म्हणजे पोटाने घेतलेला संथ श्वास. श्वास आत येताना छाती व पोट यांमधील पडदा खाली उतरतो आणि त्याबरोबर श्रोणीचा तळही किंचित खाली जातो. श्वास सोडताना दोन्ही वर येतात. दिवसातून काही वेळा दहा मिनिटे याकडे लक्ष दिले, तर आजवर न जाणवलेला आवळ जाणवू लागतो. जाणवल्याशिवाय तो सोडता येत नाही.

घरच्या सरावाला तज्ज्ञाच्या हाताची जोड हवी. अमेरिकेत मूत्राशयाची वेदना व श्रोणीच्या स्नायूंचा दुखरेपणा असलेल्या ८१ स्त्रियांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्रोणीच्या स्नायूंवर नेमके उपचार केलेल्यांपैकी ५९ टक्के स्त्रियांना आराम पडला, तर सर्वांगाचे साधे मर्दन केलेल्यांपैकी २६ टक्के स्त्रियांना. इटलीत १५७ रोग्यांवर झालेली, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी याहून बोलकी आहे. स्नायू दाबून पाहता जे दुखावत, अशा रोग्यांना यंत्राच्या साहाय्याने आपले आवळणे पडद्यावर पाहून ते सैल करावयास शिकविले असता ८७ टक्क्यांना पुरेसा आराम मिळाला. विजेच्या प्रवाहाने ४५ टक्क्यांना आणि नुसत्या मर्दनाने २२ टक्क्यांना. म्हणजे दुसऱ्याने सैल करून देण्यापेक्षा स्वतः सैल करावयास शिकणे अधिक गुणकारी ठरले.

औषधांत अमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन, गॅबापेंटीन, प्रिगॅबॅलिन ही मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषधे दिली जातात. त्यांतील पहिली दोन मूळची उदासीनतेवरची आहेत. चिठ्ठीवर ती पाहून रोग्याचा गैरसमज होतो की डॉक्टरांनी आपल्याला मनोरुग्ण ठरविले. वस्तुतः मज्जारज्जूतील ते 'दार' मिटण्यास ती मदत करतात, आणि वेदनेसाठी अमिट्रिप्टिलीनची मात्रा बहुधा अल्प असते. सर्वांनाच गुण येतो असे नाही. श्रोणीची जुनाट वेदना असलेल्या, परंतु दुर्बिणीच्या तपासणीत कोणताही दोष न आढळलेल्या ३०६ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गॅबापेंटीन हे नुसत्या साखरेच्या गोळीहून सरस ठरले नाही; चक्कर आणि गुंगी मात्र वाढली. ही औषधे आपल्या मनाने सुरू करू नयेत, आणि एकाएकी बंदही करू नयेत.

याने न भागल्यास मज्जातंतूजवळ इंजेक्शन देतात. शस्त्रक्रिया ही त्याही पुढची पायरी. फ्रान्समधील रोजे रोबेर यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत नितंबातून जाऊन अस्थिबंध कापतात व मज्जातंतू मोकळा करतात. ३२ रोग्यांवरील त्यांची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७१ टक्क्यांना आणि न झालेल्यांपैकी १३ टक्क्यांना आराम होता. आकडे आशादायक आहेत, परंतु रोगी मोजकेच होते आणि ते काटेकोरपणे निवडलेले होते. केवळ स्नायू आखडल्याने दुखत असेल, त्याने ही शस्त्रक्रिया करून घेण्यात अर्थ नाही. मज्जातंतूची दुरुस्ती फार संथ चालते. तुटलेला तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. शस्त्रक्रियेनंतरचे कित्येक महिने म्हणूनच वाट पाहण्याचे असतात.

बेंगळुरूत काय करावे

बेंगळुरूतील रुग्णालये आपापल्या काळाच्या गरजेनुसार उभी राहिली. शहराच्या जुन्या बाजारपेठेजवळील व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० मध्ये सुरू झाले. त्याच्याच शेजारी स्त्रिया व मुलांसाठी वाणीविलास रुग्णालय आहे. होसूर रस्त्यालगतची निम्हान्स, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, १९७४ मध्ये जुने मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकीकरणातून निर्माण झाली. मज्जाविकार, मज्जाशल्यचिकित्सा, मानसचिकित्सा आणि पुनर्वसन हे विभाग तेथे एकाच आवारात आहेत. परंतु एवढ्या मोठ्या शहरातही 'श्रोणीची वेदना' अशी पाटी रोग्यास सहसा दिसत नाही. त्याने मोठ्या रुग्णालयातील वेदनाचिकित्सा विभाग शोधावा. हा विभाग बहुधा भूलतज्ज्ञ चालवितात. त्याबरोबर श्रोणितलाचे काम करणारा भौतिकोपचारतज्ज्ञ शोधावा. नुसता भौतिकोपचारतज्ज्ञ असून भागत नाही. गुडघे व खांदे यांचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही, आणि आतून तपासणी करण्याचे शिक्षण घेतले आहे काय, हा प्रश्न प्रथमच विचारावा. तपासण्यांचे जुने कागद तारखेवारीने एकत्र लावून न्यावेत, म्हणजे त्याच त्या तपासण्या पुन्हा होत नाहीत.

नोकरी सोडण्याची घाई करू नये. मध्यभागी कापलेली गादी, उंची बदलता येणारे मेज, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठण्याची सवलत एवढ्याने पुष्कळांचे काम चालू राहते. डॉक्टरांचे पत्र घेऊन ती मागावी. पत्रात अवयवाचे नाव लिहिण्याची गरज नसते, 'दीर्घकाळ बसणे वर्ज्य' एवढे पुरते. आर. व्ही. रस्ता ते बोम्मसंद्र हा मेट्रोचा मार्ग ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत उभ्याने जाता येते. इतर प्रवासी बसावयास जागा मिळावी म्हणून धडपडतात. या रोग्यांना गर्दीत कोणी जागा देऊ केली तर ती नाकारताना काय सांगावे हा प्रश्न पडतो.

उपचार सुरू झाल्यावर आज दुखले की नाही, असे दररोज पाहण्यात हित नाही. दुखणे भरतीओहोटीसारखे कमीजास्त होत राहते आणि एका वाईट दिवसाने धीर खचतो. त्याऐवजी किती मिनिटे बसता आले, हे आठवड्यातून एकदा वहीत लिहून ठेवावे. तज्ज्ञ पुढील भेटीत प्रथम तीच वही मागतात, आणि व्यायाम वाढवावयाचा की आहे तसाच ठेवावयाचा, हे तिच्यावरून ठरवितात.